अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचा खर्च: आधी अंगठा, मग एफडी

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७६ वर्षांचे, पक्षाघातानंतर अंथरुणावर, उजवा हात गेलेला पण समज शाबूत. मेडिक्लेम ५ लाखांचा. एकट्या वडिलांच्या नावावर ३० लाखांची एकच एफडी. सांभाळणाऱ्या बाईंचा पगार मेडिक्लेममधून निघेल का, की एफडी मोडायची?

मेडिक्लेममधून निघणार नाही. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं यासाठी ठेवलेलं माणूस विम्याच्या भाषेत ‘कस्टोडियल केअर’मध्ये येतं आणि बहुतेक पॉलिसींत ते स्पष्ट वगळलेलं असतं. क्लेम टाकून महिने घालवू नका. वय सत्तरीपुढे आहे, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र काढाच. उत्पन्नाची अट नाही, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पण तेही योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावरच. घरचा खर्च वडिलांच्याच पैशातून काढायचा, आणि त्यासाठी आजची गरज पैशाची नाही, अंगठ्याची आहे.

समज शाबूत आहे तोवर बँकेत अर्ज द्या. सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो. घरी येऊन करण्याची विनंती लेखी द्या आणि पोच घ्या. आईचं नाव बचत खात्यात जोडून ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ अशी सूचना नोंदवा, नॉमिनीही तपासा. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायद्यानुसार ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तोवर एफडी अडकून पडते.

आता मांडणी. ३० लाखांची एक एफडी हीच मुळात अडचण आहे, कारण ५० हजारांसाठीही ती मोडायची वेळ येऊ शकते. १८ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. ८.२ टक्के दराने तिमाहीला ३६,९०० रुपये, म्हणजे महिन्याला १२,३०० पडतात. खातं उघडतानाचा दर पाच वर्षं कायम राहतो. जोडीदाराबरोबर संयुक्त खातं चालतं, मुलाबरोबर नाही. सगळे ३० लाख तिथे नकोत. पहिल्या वर्षाच्या आत बंद केलं तर दिलेलं व्याज परत कापतात, पुढच्या वर्षात मुद्दलातून दीड टक्का. उरलेल्या १२ लाखांच्या ३-३ लाखांच्या चार एफडी करा, मुदत ३, ६, ९ आणि १२ महिने. व्याज तिमाहीला येतं, पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो, म्हणून तीन महिन्यांचा पगार बचत खात्यात कायम ठेवा.

बजेट करताना पगार बारा नव्हे, तेरा महिन्यांचा धरा, दिवाळीचा धरून. बाईंच्या महिन्यातल्या चार सुट्ट्यांना बदली माणूस लागतं, त्याचा दर माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आधीच लिहून घ्या; बजेट कोलमडतं ते बहुतेक इथेच. दिवसाला चार धरले तरी महिन्याला १२० डायपर लागतात. एअर मॅट्रेसवर कंजुसी नको. पाठीला जखम झाली की ड्रेसिंगचा खर्च त्याहून जड जातो. पलंग भाड्याने घ्या, पण भाडं किती महिन्यांत किमतीएवढं होतं ते आधी मोजा.

करसवलतीचा हिशेब त्यामानाने छोटा. अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी नसेल तर प्रमाणपत्र काढा. जुन्या करप्रणालीत ७५,००० ची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,०००. मुलाला ती वडील त्याच्यावर अवलंबून असतील तरच. स्वतःच्या व्याजावर जगणाऱ्या वडिलांच्या नावाने घेतलीत तर नोटीस येऊ शकते.

भावंडांनी आपापला वाटा ठरवून एकाच खात्यात बँकेतून भरावा, रोखीने नाही. जो घरी राहून रात्री उठतो त्याचा वाटा पैशात कमी धरा, हे माझं ठाम मत. आणि त्याच्या नावे घर बक्षीसपत्राने करायचं ठरलंच, तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रातच हवेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घ्यायची वेळ आली, तर न्यायाधिकरण आधी तीच ओळ शोधतं.