बँडसाठी इंजिनिअरिंग सोडू का? किंग्स्टनच्या पाच जणांचा हिशेब

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिथल्याच तीन मित्रांबरोबर त्याने रॉक बँड काढलाय, तो बेस गिटार वाजवतो. आता म्हणतो, शिक्षण सोडतो आणि पूर्ण वेळ बँडला देतो. 'द ट्रॅजिकली हिप' नावाचा बँड याच विद्यापीठातल्या मुलांनी काढला आणि देशभर गाजवला, हे त्याचं पालुपद. आम्ही शैक्षणिक कर्ज काढून त्याला पाठवलंय. त्याचे बाबा त्याच्याशी बोलायचे बंद झालेत. मी त्याला काय सांगू?
– एक आई, सांगली

उत्तर :

ताई,

मुलाने उदाहरण तगडं निवडलंय, हे आधीच मान्य करून टाकू. २० ऑगस्ट २०१६ ला या बँडचा शेवटचा कार्यक्रम किंग्स्टनमध्ये झाला. कॅनडाच्या सरकारी प्रसारणसंस्थेने, सीबीसीने, तो जाहिरातींविना थेट दाखवला आणि १ कोटी १७ लाख लोकांनी तो पाहिला. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या थोडी वर होती. तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो प्रेक्षकांत होते. गायक गॉर्ड डाउनीला मेंदूचा असाध्य कर्करोग झाल्याचं मे महिन्यातच जाहीर झालं होतं, त्यामुळे हा निरोप आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला. किंग्स्टनमधल्या एका रस्त्याला या बँडचं नाव आहे. त्या गावात राहून, हातात गिटार घेऊन तुमच्या मुलाच्या डोक्यात दुसरं काही आलं असतं तरच नवल.

पण त्याने शेवटचा कार्यक्रम पाहिलाय. तुम्ही त्याला पहिल्या पाच वर्षांबद्दल विचारा.

बँडमधले रॉब बेकर आणि गॉर्ड सिंक्लेअर हे किंग्स्टनमध्ये समोरासमोरच्या घरांत वाढले. शाळेतच त्यांचा एक बँड होता. डाउनी त्याच शाळेतला, दुसऱ्या बँडमध्ये गायचा. पुढे तिघंही क्वीन्समध्ये शिकले आणि १९८४ मध्ये 'हिप' सुरू झाला, म्हणजे एकमेकांशी वाजवायची सवय बँडच्या नावाहून जुनी होती. ड्रमवाला जॉनी फे तर तेव्हा अजून शाळेत होता. सुरुवातीला एक सॅक्सोफोनवादकही होता, तो १९८६ मध्ये बाहेर पडला आणि गिटारवर पॉल लँगलॉय आला. त्यानंतर तीस वर्षं हे पाच जण बदलले नाहीत. रॉकच्या धंद्यात ही गोष्ट मला गाजलेल्या गाण्यांपेक्षा मोठी वाटते.

सुरुवातीला हे लोक ऑन्टारिओतल्या बारमध्ये वाजवत होते, आणि बरंचसं दुसऱ्यांचं. किंग्स्टन हे टोरोंटो आणि मॉन्ट्रिअलच्या मधलं गाव, ओटावा दोन तासांवर, आणि गावात विद्यापीठ, कॉलेज, लष्करी महाविद्यालय. म्हणजे संध्याकाळी बाहेर पडणारी तरुण पोरं घराजवळ होती आणि मोठी शहरं व्हॅनच्या टप्प्यात होती. सात-आठ गाण्यांची पहिली छोटी रेकॉर्ड १९८७ ला आली. नंतर टोरोंटोच्या हॉर्सशू टॅव्हर्नमध्ये एमसीए या रेकॉर्ड कंपनीच्या ब्रूस डिकिन्सनने त्यांना ऐकलं ('आयर्न मेडन' या बँडचा गायक तो हा नव्हे, नामसाधर्म्य आहे), करार झाला आणि पहिला पूर्ण अल्बम 'अप टू हिअर' १९८९ मध्ये बाजारात आला. सुरुवातीपासून छोट्या रेकॉर्डपर्यंत तीन वर्षं, अल्बमपर्यंत पाच. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आणि बँड उभा राहिला तेव्हा ही मंडळी विद्यार्थीच होती. विद्यापीठ हा त्यांच्यासाठी अडथळा नव्हता. जागा, मित्र आणि श्रोते त्यांना तिथेच मिळाले. २०१६ मध्ये क्वीन्सने बँडला मानद पदव्याही दिल्या. चिरंजीव त्या मार्गावर भिस्त ठेवून असतील तर मानद पदवी नोकरीच्या अर्जात चालत नाही, एवढं कळवा.

आता त्याने ज्या गोष्टी धरल्याच नसाव्यात असं वाटतं, त्यांच्याकडे येतो.

पहिली, पैशाची वाटणी. 'हिप'ने गाण्यांचं श्रेय लवकरच पाचांच्या सामायिक नावावर टाकलं. गाण्याची रॉयल्टी ज्याच्या नावावर गाणं त्याला मिळते. त्यामुळे बऱ्याच बँडमध्ये लिहिणारा श्रीमंत होतो, बाकीचे वाजवतच राहतात आणि दहा वर्षांनी वकील येतात. इथे शब्द बहुतेक डाउनीचे असूनही वाटा सारखा राहिला. पाच जण तीस वर्षं टिकण्यात याचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. तुमचा मुलगा बेस वाजवतो. त्याच्या बँडमध्ये गाणी कोणाच्या नावावर नोंदली जातात, हे त्याला आजच्या आज विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला, तर तेच उत्तर समजा.

दुसरी, व्यवस्थापन. सुरुवातीच्या काळातच जेक गोल्ड आणि ॲलन ग्रेग या दोघांनी त्यांचं काम हाती घेतलं. ग्रेग हा मूळचा राजकीय जनमत चाचण्या घेणारा माणूस. कार्यक्रम ठरवणं, कराराचे कागद वाचणं, पैसे वसूल करणं हे काम वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर नव्हतं. तुमच्या मुलाच्या बँडमध्ये हे कोण करतं? बहुधा तोच करत असेल, इंजिनिअरिंगची पोरं एक्सेल शीट उघडतातच.

तिसरी गोष्ट सरकारी आहे. कॅनडात रेडिओ केंद्रांना ठरावीक प्रमाणात देशी संगीत वाजवावंच लागतं. १९७१ पासून हे प्रमाण ३० टक्के होतं, १९९९ मध्ये ३५ झालं. यामुळे एखादं गाणं चांगलं होतं असं नाही, पण चांगल्या गाण्याला दार उघडं मिळतं. 'हिप' त्या दारातून आत आला आणि आतमध्ये स्वतःच्या बळावर बसला. आज मुलं फोनवर ऐकतात, तिथे रेडिओचा हा कोटा लागत नाही. म्हणजे १९८९ मधला रस्ता आता तसाच्या तसा उरलेला नाही.

आणि त्या रस्त्यानेही ते कुठवर पोहोचले? कॅनडात 'अप टू हिअर' आणि 'फुली कम्प्लीटली' या दोन अल्बमच्या दहा-दहा लाख प्रती गेल्या. शेजारच्या अमेरिकेत मात्र त्यांचं नाव कधी मोठं झालं नाही. १९९५ च्या मार्चमध्ये तिथल्या टीव्हीवरच्या 'सॅटरडे नाइट लाइव्ह'सारख्या कार्यक्रमात संधी मिळाली, अभिनेता डॅन ॲक्रॉइडने त्यांची ओळख करून दिली, तरी सीमेलगतची बफेलो, डेट्रॉइटसारखी शहरं सोडली तर गर्दी वाढली नाही. बरेच पत्रकार याला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांनी स्वतःचा फिरता महोत्सव काढला, त्यात इतर बँडना मंच दिला. किंग्स्टनजवळच्या बाथ गावात स्वतःचा स्टुडिओ उभारला. एका देशात, घराजवळ राहून तीस वर्षं पोट भरणं हे करिअरच आहे, आणि चांगलं आहे. तुमच्या मुलाला यातलं नेमकं काय हवंय? जगभर नाव की आयुष्यभर वाजवणं? दोन्हींची तयारी वेगळी असते.

एक गोष्ट मात्र त्याने त्यांच्याकडून जरूर उचलावी. 'न्यू ऑर्लिन्स इज सिंकिंग' हे त्यांचं गाजलेलं गाणं. कार्यक्रमात ते सुरू झालं की लोक खूश. पण गाण्याच्या मध्यात बँड तोच ठेका धरून राहायचा आणि डाउनी त्यावर भलतंच काहीतरी सुरू करायचा, कधी एखादी गोष्ट, कधी अर्धवट सुचलेल्या ओळी. विलंबित ख्यालात मुखडा सांभाळून गवई मधली जागा भरतो ना, तसं. पुढे अल्बममध्ये आलेली 'नॉटिकल डिझास्टर' आणि 'अहेड बाय अ सेंच्युरी' ही गाणी लोकांनी आधी याच जागेत, कच्च्या रूपात ऐकली होती. लोकांनी तिकीट काढलंय जुन्या गाण्यासाठी, आणि हे त्याच्या पोटात नव्याची चाचणी घेतायत. यासाठी दर आठवड्याला मंच लागतो, कॉलेज सोडावं लागत नाही.

विषयही त्यांना जवळचेच लागले. त्यांचं एक गाणं हॉकीपटू बिल बॅरिल्कोवर आहे. १९५१ मध्ये टोरोंटोला अजिंक्यपद मिळवून देणारा गोल त्याने मारला आणि त्याच उन्हाळ्यात तो छोट्या विमानासकट बेपत्ता झाला. अवशेष सापडले १९६२ मध्ये, आणि टोरोंटोने पुन्हा अजिंक्यपद जिंकलं तेही त्याच वर्षी. डाउनीला हे सापडलं मुलं जमवतात त्या हॉकीच्या कार्डावर. सांगलीतून किंग्स्टनला गेलेल्या मुलाच्या खिशात कोणती कार्डं आहेत, हे त्याला ठाऊक. तो स्वतः गाणी लिहितो का, हे तुमच्या पत्रात नाही.

आता सगळ्यात रोखठोक भाग. त्याच्या तीन मित्रांत आणि त्याच्यात एक फरक आहे, जो तालमीच्या खोलीत दिसत नाही. ते तिथलेच असतील, तर कॉलेज सोडून आईबापांच्या तळघरात जाऊन राहतील. तुमचा मुलगा स्टडी परमिटवर आहे. अभ्यास चालू ठेवणं ही त्या परमिटची अट आहे. विद्यापीठाच्या परवानगीने घेतलेली सुट्टी १५० दिवसांपर्यंत चालते, त्यापुढे नाही. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासांपर्यंत काम करता येतं, आणि पैसे घेऊन वाजवणं हेही कामच. कॉलेज सोडलं तर बँडला पूर्ण वेळ देणं राहिलं बाजूला, देशात राहायचा आधारच जाईल. बेसवाला सांगलीत आणि बँड किंग्स्टनमध्ये.

याउलट पदवी पूर्ण केली, तर नियमांत बसल्यास तीन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट मिळतं. ते खुलं असतं, एका मालकाला बांधलेलं नसतं, पण आयुष्यात एकदाच मिळतं. दिवसा नोकरी, शनिवार-रविवार व्हॅन, असं त्यात बसतं. 'हिप'ला पहिल्या रेकॉर्डपर्यंत लागलेली तीन वर्षं तुम्हाला आठवत असतील. त्याला तेवढीच तीन वर्षं कायदेशीर मिळू शकतात, फक्त चौथं वर्ष पार पाडून. हे नियम बदलत असतात, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात त्याने स्वतः जाऊन आजची स्थिती विचारावी. मित्राच्या मित्राचं ऐकू नये, माझंही नाही.

कर्जाचं गणितही यालाच बांधलेलं आहे. अभ्यासक्रम संपल्यावर हप्ते सुरू व्हायला सहसा काही महिन्यांची सवलत असते. मध्येच सोडल्यावर काय होतं ते तुमच्या शाखेत विचारून घ्या आणि आकडा त्याला पाठवा. रागावून नको, नुसता आकडा.

तेव्हा माझा सल्ला असा. शिक्षण सोडू नये, आणि बँडही सोडू नये. "आधी डिग्री, मग गाणं-बिणं" असं त्याला म्हणू नका. हे वाक्य ऐकलं की मुलगा पुढचं ऐकत नाही, आणि खरं तर ते चूकही आहे, कारण शिकतानाच वाजवायचंय. शेवटच्या वर्षात विषय कसे लावले तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या राहतील, हे त्याने त्याच्या ॲकॅडमिक ॲडव्हायझरबरोबर बसून ठरवावं. उन्हाळ्याचे चार महिने त्याने पूर्ण बँडला दिले तरी माझी हरकत नाही, खर्च स्वतःचा स्वतः भागवणार असेल तर.

त्याच्या बाबांसाठी वेगळी गोष्ट. त्यांनी मुलाचा एक कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा. तिकडचे रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. चहाच्या वेळेला जमण्यासारखं आहे. गाणं आवडलं पाहिजे असं नाही. खोलीत किती लोक होते आणि त्यातले किती शेवटच्या गाण्यापर्यंत थांबले, एवढं त्यांनी मोजावं आणि मुलाला विचारावं की पुढच्या वेळी हा आकडा किती असेल.

चौघांमधला लेखी करार झाला की त्याची प्रत मला पाठवायला सांगा. एका पानाचा असला तरी पुरे. त्यात गाण्यांचं श्रेय, कार्यक्रमाच्या पैशाची वाटणी आणि एखादा बाहेर पडला तर बँडचं नाव कोणाकडे राहणार, हे तिन्ही लिहिलेलं असावं.