डॉर्सेटला मुलांना घेऊन जाताय?

पहिल्याच फेरीत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सगळं डॉर्सेट उरकायचा बेत असेल, तर तो आधी सोडा. मुलं लहान आहेत ना, मग चारमथचा किनारा धरा. ज्युरासिक कोस्ट नावाच्या किनारपट्टीवरच्या या गावात वाळू-गोट्यांत अ‍ॅमोनाइटचे (गुंडाळीसारखं कवच असलेल्या, केव्हाच नामशेष झालेल्या समुद्री जिवांचे) जीवाश्म खरोखर सापडतात. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा आणि पाणी ओसरत असताना उतरा. कड्याखाली मात्र बसू नका, दरडी कोसळतात. हातोडीही नको, सुट्या गोट्यांवर नजर ठेवून रमतगमत चाललं की पुरे. जे सापडेल ते किनाऱ्यालगतच्या हेरिटेज सेंटरमध्ये दाखवा, ओळखायला तिथे मदत मिळते.

दुसरा दिवस कॉर्फ कॅसलचा. गाडी नॉर्डन स्टेशनला लावून स्वानेजला जाणारी वाफेची आगगाडी पकडा, किल्ला वाटेवरच लागतो. (मुलांना किल्ल्यापेक्षा गाडीच जास्त आवडणार, वाईट वाटून घेऊ नका.) १६४६ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात, पार्लमेंटच्या फौजेने किल्ला ताब्यात घेऊन सुरुंगाने उडवला, म्हणून भिंती अशा कललेल्या. किल्ला सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे सदस्य असाल तर किल्ल्याचं तिकीट लागत नाही.

डर्डल डोअर या समुद्रकाठच्या खडकाच्या कमानीपाशी फोटो झकास येतात, पण वाट खूप उताराची आहे. बाबागाडी नेऊ नका. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, नाहीतर पार्किंगमध्येच दिवस जाईल.