घरचा आवाज, स्टुडिओतला तबला

प्रश्न : तुम्ही पहिला अल्बम घरी केलात आणि दुसरा स्टुडिओत. माझी स्वतःची गाणी आहेत, गिटार वाजवतो, पैसे बेताचेच आहेत. आज मागे बघताना काय वाटतं, घरी करू का स्टुडिओत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आवाज आणि गिटार घरी करा, तबला असेल तर एक दिवस स्टुडिओ घ्या. हे मला कळायला दोन अल्बम लागले.

पहिला केला 1996 मधे, पुण्यात भाड्याच्या खोलीत, सेकंडहँड पोर्टास्टुडिओवर. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं मशीन, टीअ‍ॅक कंपनीने पहिलं 1979 साली आणलं. चारच ट्रॅक, म्हणून गिटार, हार्मोनियम, खंजिरी तीनवर घ्यायची, ती मिक्स करून चौथ्यावर उतरवायची आणि मग पहिले तीन पुसून तिथे गायचं, त्यामुळे हार्मोनियम मोठी राहिली तर कायमची मोठी, आणि प्रत्येक वेळी टेपची खरखर वाढणार ती वेगळीच. पण रात्री दोन वाजता, पंखा बंद, दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्यांच्या मधे उभं राहून मी आईवरचं गाणं गायलो, तिसऱ्या कडव्यात पाल चुकचुकली आणि तोच टेक ठेवला कारण तसा आवाज नंतर लागलाच नाही.

स्टुडिओत तेच गाणं परत केलं. ताशी भाडं, डोळे घड्याळाकडे, सूर एकदम नीट पण गाण्यात जीव नाही. ऐकलं की अजून वाईट वाटतं.

तबल्याचं मात्र उलट. माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत डग्गा म्हणजे नुसता धबधब आवाज, स्टुडिओत मोठी खोली, दायाँला (उजव्या हाताच्या तबल्याला) एक माईक, डग्ग्याला एक, आणि ती घुमक पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. शिवाय बाहेर ऐकणारा माणूस असतो. एसीच्या कोरड्या हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ताणली जाऊन तबल्याचा सूर चढला होता, आम्हाला कोणाला कळलं नाही, रेकॉर्डिस्टने थांबवलं. घरी असे दुसरे कान नसतात, आणि पैसे द्यायचे तर त्या कानांचे द्यावेत असं माझं मत आहे.

खाली रस्ता असेल तर महागडा कंडेन्सर माईक नको, त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागते आणि तो रिक्षासुद्धा ऐकतो, साधा डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरून गा. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते, 128 सँपल ठेवा, 1024 ठेवलात तर हेडफोनमधे स्वतःचा आवाज उशिरा येतो आणि ताल सुटतो.

घरी केलेला आवाज आणि गिटार तबल्यासाठी स्टुडिओला देताना आवाज दाबून लहान केलेली एमपीथ्री नको, न दाबलेल्या 24 बिट वेव्ह फाइली द्या, सगळ्या गाण्याच्या एकाच शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, सोबत क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक. आणि गाण्याचा सूर हार्मोनियमची काळी एक का पांढरी चार ते तबलजीला आधीच कळवा, म्हणजे तो त्या सुराचा तबला घेऊन येईल.