एकाच जागी निळ्या तिळांचा पुंजका आहे. डॉक्टर तो कसा तपासतात? बायोप्सी करावीच लागते का?

तुमच्या दंडावर सात-आठ निळसर तीळ एकाच ठिकाणी आहेत आणि नेटवर वाचून झोप उडाली आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या खांद्यामागे असाच पुंजका आहे. लांबून पाहिलं तर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखा दिसतो. मी डॉक्टर नाही, पण या तपासणीतून गेलोय.

आधी रंगाबद्दल. आत रंगद्रव्य तेच असतं, नेहमीचं मेलॅनिन, फक्त ते खोलवर असतं. साध्या तिळात रंगपेशी पृष्ठभागाच्या जवळ असतात, निळ्या तिळात आतल्या थरात रुतलेल्या असतात. प्रकाशातला तांबडा भाग खोल जाऊन तिथे शोषला जातो आणि निळा विखरून परत येतो. एकटादुकटा निळा तीळ डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातला असतो. पुंजका मात्र दुर्मिळ, म्हणून ते जरा जास्त वेळ घेतात.

मला वाटलं होतं, गेल्या गेल्या भिंग लावतील. आधी झाली ती उलटतपासणीच! तीळ कधीपासून आहेत, नवे उगवले का, एखादा वाढला, खाजला किंवा त्यातून रक्त आलं का. आणि एक प्रश्न दोनदा : या जागेवरचा किंवा अंगावरचा दुसरा कुठला तीळ पूर्वी काढलाय का? हा प्रश्न का, ते नंतर उमगलं. मग सगळं अंग पाहिलं, तीळ बोटांनी चाचपले, काखेत गाठी आहेत का तेही बघितलं.

त्यानंतर डर्मोस्कोप. सुमारे दहापट मोठं दाखवणारं, स्वतःचा दिवा असलेलं हे भिंग. ते प्रत्येक तिळावर वेगवेगळं टेकवतात. निरुपद्रवी निळा तीळ त्यात सहसा एकसंध दिसतो, पोलादी निळा, जाळी नाही की ठिपके नाहीत. रंगांची सरमिसळ किंवा वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या दिसल्या तर शंका येते.

पण खरी मेख पुढे आहे. मेलानोमा हा कर्करोग त्वचेत पसरतो तेव्हा त्याच्या गाठीही कधी कधी अशाच एकसंध निळ्या आणि घोळक्याने दिसतात. भिंगातून दोन्ही सारखेच! म्हणून पूर्वी काढलेल्या तिळाचा तो प्रश्न : तोच मेलानोमा असू शकतो. वर्षानुवर्षं जसाच्या तसा असलेला पुंजका आणि गेल्या काही महिन्यांत उगवलेला पुंजका, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बायोप्सी प्रत्येकाची करतातच असं नाही, पण पुंजका असेल तर निदान एक तीळ तपासायला पाठवण्याकडे कल असतो. माझा एक काढला. जागेपुरती भूल, दोन टाके, बस. तो वरवर खरवडून भागत नाही, कारण पेशी खोल असतात. खालच्या चरबीपर्यंत अख्खा काढावा लागतो. रिपोर्टमध्ये साधा निळा तीळ निघाला. बाकीच्यांचे शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले, पुढच्या वेळी ताडून बघायला.

तुमच्याकडे जुने फोटो असतील, ज्यात तो दंड उघडा दिसतो, तर शोधून घेऊन जा. आणि कुणी लेझरने घालवून देतो म्हणालं, तर निदान होईपर्यंत हात लावू देऊ नका. जाळून टाकल्यावर तपासायला काहीच उरत नाही.