गच्चीवर सोलरचं पाणी कढत, पण तिसऱ्या मजल्यावर कोमट. मोठा पंप बसवावा का?

तुमच्या वर्णनावरून मला समजलं ते असं: घोडबंदर रोडला सात मजली इमारत, टाकीवरचा काटा सकाळी ६० अंश दाखवतो, पण तुमच्या बाथरूममध्ये दहा मिनिटं नळ सोडला तरी पाणी कोमटच. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. आता प्लंबर म्हणतो, रिटर्न लाइनचा (गरम लाइनीतलं पाणी परत टाकीत नेणाऱ्या पाइपाचा) पंप काढून एक हॉर्सपॉवरचा लावा.

कृपा करून पंपाचा चेक इतक्यात फाडू नका. ठाण्यात सोलरच्या लाइनी दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्या प्रश्नातला एकच शब्द मला महत्त्वाचा वाटतो: कोमट.

पाणी उशिरा येतं पण आल्यावर चांगलं चटका देतं, तर दोष फिरण्याचा. एक इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. टाकीपासून तुमच्या नळापर्यंत ४० मीटर धरले तर २० लिटर गार पाणी आधी बाहेर पडणारच. रिटर्न पंप तेच पाणी फिरवून लाइन गरम ठेवतो. पण दहा मिनिटांत ते २० लिटर केव्हाच निघून गेलेलं असतं. तरीही कोमट येतंय, म्हणजे गरम लाइनीत कुठून तरी गार पाणी घुसतंय. त्याला पंप काय करणार? उलट मोठा पंप टाकी ढवळून टाकतो. टाकीत गरम पाणी वर आणि गार खाली असं थरांनी राहतं, ते थर मोडले की वरच्या मजल्यांनाही कोमटच मिळतं.

घुसतंय का, हे एका दुपारी कळतं. सगळ्यांना आधी सांगून ठेवा. गच्चीवर गरम लाइनीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, रिटर्नचा कॉकही बंद करा (हा हटकून विसरतात). मग तळमजल्यावर गरम पाण्याचा एक नळ उघडा. पाइपात उरलेलं पाणी येईल, धार बारीक होईल आणि थांबेल. थांबलीच नाही, तर ते पाणी कुणाच्या तरी घरातून येतंय. आता डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) एकेका फ्लॅटचा गार पाण्याचा कॉक बंद करत जा. ज्या कॉकवर धार थांबते, ते घर.

मागे मानपाड्याला हेच केलं होतं. सहाव्या मजल्यावरच्या डक्टमध्ये हात घातला तर गरम लाइनीचा पाइप माठासारखा गार, बाहेरून ओलसर. आत बाथरूममध्ये वॉल मिक्सरला जेट स्प्रेची नळी जोडलेली. आजींना वाकून चाव्या फिरवणं जमत नव्हतं, म्हणून दोन्ही चाव्या कायम उघड्या आणि पाणी स्प्रेच्या खटक्यावर बंद. खटका बंद असला की मिक्सरच्या आत गार आणि गरम लाइन एक होतात. ज्या बाजूला प्रेशर जास्त, ती दुसरीकडे ढकलते. त्या इमारतीत वरच्या दोन मजल्यांच्या गार लाइनीला नुकताच प्रेशर पंप बसला होता. तुमच्याकडे दिवाळीच्या सुमारास असं काही नवं बसवलंय का, आधी चौकशी करा. आजींना कुणी बोलू नका, त्यांचं चुकलेलं नाही. मिक्सरच्या दोन्ही पायांना एकेक एनआरव्ही बसवला की काम झालं. तो लहानसा पितळी तुकडा असतो, पाणी एकाच दिशेने सोडतो.

परीक्षेनंतर लाइन भरताना घाई नको. सातव्या मजल्याचा गरम नळ उघडा ठेवून गच्चीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. हवा तिथून फुसफुसत निघून जाते. एकदम उघडलात तर लाइन एअर धरते आणि नवंच दुखणं मागे लागतं.

धार नीट थांबली, तरच पंपाकडे वळा. बॉडीवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे का, आवाज येतोय पण पंखा अडकलाय का, पुढचा एनआरव्ही क्षाराने चिकटलाय का, एवढं बघा. घोडबंदरला टँकर आणि बोअरिंगचं पाणी चालतं, तिथे क्षार धरतोच. मी काढलेल्या कितीतरी एनआरव्हींची झडप पांढऱ्या खड्याने उघडीच राहिलेली होती. गच्चीवरचा पाइप मधे कुठे कमानीसारखा उचललाय का तेही पाहा, त्या उंचवट्यात हवा साठते.

परीक्षा केलीत की इथे लिहा: धार थांबली की नाही, आणि कोणत्या मजल्याच्या कॉकवर. त्यावरून पुढचं सांगतो.