‘नोएल’ आणि आपला नाताळ

प्रश्न असा आहे : ‘द फर्स्ट नोएल’ या गाण्यातला नोएल कोण? ते देवदूताचं नाव आहे का, आणि आपल्या ‘नाताळ’शी त्याचा काही संबंध लागतो का?

इथे नोएल हे कुणाचं नाव नाही. संबंध मात्र सख्ख्या भावंडांचा आहे. दोन्ही शब्द लॅटिन ‘नातालिस’पासून आले. नातालिस म्हणजे जन्माचा (दिवस).

फ्रेंचमध्ये दोन स्वरांच्या मधला लॅटिन ‘त’ झिजून गेला. ‘वीता’चं (जीवन) ‘वी’ झालं, ‘रोता’चं (चाक) ‘रू’ झालं. तसंच नातालिसचं आधी ‘नाएल’ आणि मग ‘नोएल’ झालं. पोर्तुगीजमध्ये अशा ‘त’चा एरवी ‘द’ होतो, म्हणून वीताचं ‘विदा’. पण ‘नाताल’मधला ‘त’ शाबूत राहिला, कारण हा शब्द चर्चच्या लॅटिनने धरून ठेवला होता. पोर्तुगीजांबरोबर तो गोवा-वसईकडे आला आणि आपल्याकडे त्याच्या शेवटच्या ‘ल’चा ‘ळ’ झाला. मला हा ‘ळ’ फार आवडतो. तो लागला की शब्द परका वाटतच नाही.

वास्को द गामा १४९७च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून गेला, त्यालाही त्याने हेच नाव दिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांताच्या नावात ते अजून आहे.

आता गाणं. ते इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या, कॉर्नवॉलच्या लोकपरंपरेतलं. विल्यम सँडिस यांनी १८३३च्या आपल्या संग्रहात ते चालीसह छापलं. जुन्या छापात शब्द ‘नॉवेल’ असा दिसतो. मध्ययुगीन इंग्रजीत नाताळच्या दिवसांत लोक हा शब्द आनंदाने ओरडत. १४व्या शतकातल्या चॉसरच्या काव्यातही तो तसाच येतो. म्हणून गाण्याच्या पहिल्या ओळीचा अर्थ असा लावावा : आनंदाची ती पहिली आरोळी देवदूताने दिली, आणि ती ऐकली शेतात पडलेल्या गरीब मेंढपाळांनी. ‘पहिला नाताळ’ एवढंच भाषांतर केलं तर ती आरोळी हरवते.

‘नाउ ऑल इज वेल’चं नॉवेल झालं, असंही सांगतात. ऐकायला गोड आहे, पण ती व्युत्पत्ती खरी नाही.

आणखी मागे गेलं तर लॅटिन ‘नातुस’चं (जन्मलेला) जुनं रूप ‘ग्नातुस’ सापडतं. त्याचा आणि संस्कृत ‘जन्’चा मूळ धातू एकच. म्हणजे ‘नवजात’मधला ‘जात’ आणि ‘नाताळ’मधला ‘नात’ हे एकाच घरातले.