रोहिणी म्हणजे शुद्ध रक्त, मग फुप्फुस रोहिणीचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मुलीच्या नववीच्या पेपरात 'रोहिणीतून नेहमी शुद्ध रक्त वाहते, चूक की बरोबर' असं होतं. तिने बरोबर लिहिलं आणि मार्क गेला. पण आम्हीही हेच पाठ केलेलं! शिवाय रोहिणी, धमनी, नीला, शीर, नस एवढे शब्द कशाला, आणि कुठला कधी वापरायचा?"

मार्क गेला ते बरोबरच आहे, पण मला विचाराल तर चूक मुलीची कमी आणि शब्दाची जास्त. रोहिणी म्हणजे संस्कृतात लाल, रोहितचं स्त्रीलिंग. रोहिणी नक्षत्रातला तो ठळक तारा बघा, चांगला लालसर दिसतो. आणि नीला म्हणजे निळी, त्यात फोड करण्यासारखं काही नाहीच. म्हणजे नावं दिलीत रंगावरून आणि व्याख्या मात्र आहे दिशेवरून, हृदयातून बाहेर नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणते ती नीला, एवढंच. आत कुठलं रक्त आहे याचा व्याख्येशी काही संबंध नाही. पण शब्दच कानात लाल-निळं करत बसतो, वर पुस्तकातल्या आकृतीत तेच दोन रंग, मग पोरांनी करायचं काय.

आता रक्ताच्याच वाटेने जाऊ, म्हणजे घोळ कुठे होतो ते दिसेल. अंगभर फिरून आलेलं रक्त वरच्या आणि खालच्या महानीलेतून उजव्या अलिंदात (हृदयाचा वरचा कप्पा) येतं, तिथून त्रिदल झडपेतून उजव्या निलयात (खालचा कप्पा), आणि निलय ते फुप्फुसांकडे ढकलतो. ढकलतो म्हणजे बाहेर नेणारी नळी, म्हणून ती फुप्फुस रोहिणी, पण आत रक्त कुठलं तर ऑक्सिजन देऊन आलेलं, काळपट. फुप्फुसात ऑक्सिजन घेऊन ते बहुधा चार फुप्फुस नीलांमधून डाव्या अलिंदात येतं, आणि या नावाने नीला असून आतलं रक्त लालभडक. पुढे द्विदल झडप, डावा निलय, महारोहिणी आणि सगळं शरीर. म्हणजे फुप्फुसांच्या फेरीत दोन्ही नावं बरोब्बर उलटी पडतात आणि परीक्षकांना फुकटचा प्रश्न मिळतो.

(द्विदल म्हटलं की मला अजून मूग-मटकीच आठवते. त्रिदल मात्र छान आहे, बेलाचं पान डोळ्यासमोर आणा, झडपेचे तीन पडदे लगेच कळतात. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी, निलय म्हणजे घर, आधी ओसरीवर यायचं मग घरात, हेही झकास जमलंय. आमच्या आधीच्या पिढीला कर्णिका आणि जवनिका होतं, त्यातली जवनिका म्हणजे संस्कृतात चक्क नाटकाचा पडदा, त्यापेक्षा निलय शंभरपट बरं.)

खरी गंमत सुश्रुतसंहितेत, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आहे. तिथे शरीरात ७०० सिरा सांगितल्यात आणि त्यांचे चार प्रकार, वात वाहणाऱ्या त्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या नीला, कफ वाहणाऱ्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या रोहिणी, प्रत्येकी १७५. म्हणजे रोहिणी आणि नीला मुळात सख्ख्या बहिणी, दोघीही सिराच! धमन्या त्यात वेगळ्या, त्या २४. हृदयातून जाणारी आणि परत येणारी अशी वाटणी तिथे या दोन नावांत नाहीच, आणि रक्त गोल फिरतं हे विल्यम हार्वीने लिहिलं १६२८ साली. पुढे आपल्याकडे परिभाषा करायची वेळ आली तेव्हा या चार बहिणींतल्या दोघींना नवीन नोकरी मिळाली, अरुणा आणि गौरी घरीच राहिल्या. त्यामुळे जुन्या ग्रंथातली नीला आणि आजची नीला एकच समजून कुणी पोस्टी फिरवत असेल तर सावकाश घ्या.

धमनी म्हणजे आज रोहिणीच, इंग्रजीतली आर्टरी, आणि हा शब्द मला जास्त आवडतो कारण त्यात रंग नाही. धम् म्हणजे फुंकणे, लोहाराच्या भात्याचं काम. ग्रीकमधेही आर्टरीचा मूळ शब्द श्वासनलिकेलाही वापरायचे, कारण मेलेल्या शरीरात धमन्या बऱ्याचशा रिकाम्या सापडायच्या, त्यामुळे त्यांच्यातून हवा जाते अशी समजूत होती. हवा गेली, शब्द राहिला.

ही धमनी आणि शीर (म्हणजे नीलाच) हातात घेऊन बघायची असेल तर मटणवाल्याला सांगून बकऱ्याचं हृदय आणा, वरच्या नळ्या कापू नको म्हणावं. मी एकदा भाच्यांसाठी आणलं होतं (बायकोने ती सुरी अजून स्वयंपाकघरात घेतलेली नाही). महारोहिणीचं तोंड पाइपच्या तुकड्यासारखं आपोआप उघडं राहतं, करंगळी घातली तर रबरासारखी पकडते. नीला शोधावी लागते, ती ओल्या कापडासारखी चपटी पडलेली असते. मग आडवं कापलं की डाव्या निलयाची भिंत चांगली जाड आणि उजव्याची पातळ, कारण उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच जायचंय आणि डाव्याला पायाच्या अंगठ्यापर्यंत. माणसात महारोहिणीतला वरचा दाब साधारण १२० असतो तिथे फुप्फुस रोहिणीत २५ च्या आसपास. नळीची जात ठरते ती अशी, भिंतीवरून आणि दिशेवरून.

आता "शुद्ध-अशुद्ध". हे शब्द सरळ टाकून द्या. तथाकथित अशुद्ध रक्तातल्या हिमोग्लोबिनवर आराम करताना सुद्धा सुमारे ७५ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, ते घाण वगैरे काही नसतं. आणि निळं तर अजिबात नसतं, पुढच्या वेळी लॅबमधे सिस्टर दंडाला पट्टा बांधून रक्त काढेल तेव्हा ट्यूबकडे बघा, आमसुलाच्या सारासारखं गडद लाल. वरून शीर निळसर दिसते तो कातडीतून येणाऱ्या उजेडाचा खेळ. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजन कमी असलेलं म्हणा, लांबलचक आहे पण खरं आहे. बाळाच्या नाळेत तर दोन रोहिण्या आणि एक नीला असते आणि बाळाला ऑक्सिजन पोचवते ती नीला. तिला अशुद्ध म्हणणार?

राहिलं शीर आणि नस. शीर ही सिरेचीच मराठी लेक, सिस्टर "शीर सापडत नाहीये" म्हणते तेव्हा अगदी अचूक बोलते. भांडताना गळ्याच्या शिरा ताणतात त्याही खऱ्याच शिरा. नस मात्र कुठेही चालते, पाठीत नस दबली म्हणजे मज्जातंतू, पायाच्या नसा फुगल्या म्हणजे शिरा, आणि "हार्टच्या नसा ब्लॉक आहेत" म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या रोहिण्या. बोलताना चालू द्या, पेपरात लिहू नका. मुलीला म्हणावं धमनी-शिरा लिही किंवा रोहिणी-नीला लिही, जोडी मोडू नको, आणि शुद्ध हा शब्द दिसला की दोनदा वाच.

आणि तिला एक कोडं घाला. बायपासमधे बरेचदा पायातली शीर काढून हृदयावर बसवतात, आणि बसवताना तिची टोकं उलटी करतात, कारण शिरेच्या आत झडपा असतात आणि सुलटी लावली तर त्या रक्तच अडवतील. जन्मभर हृदयाकडे रक्त आणणारी ती नळी आता महारोहिणीतून रक्त बाहेर नेणार, मग ती शीर की रोहिणी? डॉक्टर तिला ग्राफ्ट म्हणतात आणि मोकळे होतात.